शक्ति आणि पात्रता

दोन वस्तूंची तुलना करावयाची म्हटली म्हणजे त्यांतली मोठी कोणती आणि लहान कोणती हें ठरविण्यास वेळ लागत नाहीं. वेळ लागतो तो त्यांतली चांगली कोणती हें ठरविण्यास. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मोजपट्टी देते, दुसऱ्याचें देत नाहीं. असें असूनहि व्यवहारांत आपण बहुधा मोजपट्टीचेंच उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावून मोकळे होतों, आणि जें मोठें तें चांगलें असा निर्णय देतों. या घाईच्या निर्णयाची एक प्रतिक्रियाहि आपल्याकडे जुनी आहे. जें लहान तेंच चांगलें, साधेपणांतच सारे सद्गुण सांठविलेले असतात, असें ती सांगते. माझ्या मतें हे दोन्ही निर्णय सारखेच उथळ आहेत. ते तसे कां, हें पाहण्यासाठीं तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सहसा न आढळणारें एक उदाहरण मी घेणार आहें. तें म्हणजे ज्यांना आतां मराठींतहि स्पोर्ट्स कार म्हणतात अशा, दोन बैठकांच्या, ठेंगण्या, धांवण्याच्या आनंदासाठींच घडविलेल्या मोटारींचें.

इंदापूर तालुक्यांतील कळसच्या परिसरांत राहणाऱ्या वाचकाला हें उदाहरण दूरचें वाटेल. येथील रस्त्यांवर ऊंस भरलेल्या ट्रॉल्या, दुधाच्या किटल्या अडकविलेल्या मोटारसायकली आणि एस. टी.च्या गाड्या दिसतात. स्पोर्ट्स कार क्वचितच. परंतु मोटारीच्या इतिहासाशीं या भागाचा संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. जवळचें वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें, त्या वालचंद हिराचंदांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें निघालेली 'पद्मिनी' महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांची पहिली मोटार ठरली. तिचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें चाळीस अश्वांची. हा आंकडा वाचकानें लक्षांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडेल.

ज्यांना खऱ्या अर्थानें स्पोर्ट्स कार म्हणतां येईल अशा गाड्या आपल्या मुलखांत फारच थोड्या तयार झाल्या. त्यांतल्या दोन तुलनेस सोयीच्या आहेत. पहिली गोव्यांत तयार झालेली 'सॅन स्टॉर्म'. ती १९९८ सालीं बाजारांत आली. तिचें एंजिन ११४९ घनसेंटिमीटरचें, साठ अश्वशक्तीचें. अंग फायबरचें, आणि छप्पर काढतां येण्याजोगें. दुसरी पुण्याजवळ तयार झालेली 'डीसी अवंती'. ती २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली व २०१५ च्या सुमारास गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागली. तिचें १९९८ घनसेंटिमीटरचें एंजिन बैठकांच्या मागें बसविलेलें असून त्याची शक्ति २५० अश्वांची. दोन्ही एंजिनें रेनो या फ्रेंच कारखान्याचीं, म्हणजे एकाच गोत्रांतलीं. पण सामर्थ्यांत चौपटीहून अधिक अंतर. आज दोन्ही गाड्यांचें उत्पादन थांबलेलें आहे, त्यामुळें त्यांच्याविषयीं बोलतांना कोणाची जाहिरात होण्याचें भय नाहीं.

लहान गाडी पाहून मनुष्य म्हणतो, 'साठ अश्वशक्तीला स्पोर्ट्स कार कसें म्हणावें?' मोठी पाहून तोच मनुष्य म्हणतो, 'एवढी शक्ति आपल्या रस्त्यांवर वापरणार कोठें?' हे दोन आक्षेप परस्परविरुद्ध दिसतात; परंतु दोहोंच्या मुळाशीं समज एकच आहे. शक्ति ही धान्यासारखी रास करून मोजावयाची वस्तु आहे, ती कमी पडली तर दारिद्र्य आणि उरली तर नासाडी, असा तो समज. वस्तुतः शक्ति ही वस्तु नसून संबंध आहे. ती कोणाच्या हातीं, कोणत्या वाटेवर आणि कोणाच्या समक्ष वापरली जाते हें कळल्याखेरीज तिच्या आंकड्याला नैतिक अर्थ प्राप्त होत नाहीं.

प्रथम लहान गाडीची बाजू ऐकूं. ॲरिस्टॉटलनें क्षमता आणि तिचा प्रत्यक्ष व्यापार यांत भेद केला, आणि सुख हें क्षमता बाळगण्यांत नसून तिच्या व्यापारांत आहे असें प्रतिपादिलें. झोंपलेला गवई गवईच असतो, पण झोंपेंत त्याला गाण्याचें सुख मिळत नाहीं. अल्पशक्तीची गाडी या कसोटीस उत्तम उतरते. तिची सगळी शक्ति चालकाच्या नित्य उपयोगांत असते. चढ आला कीं आधींच गिअर बदलावा लागतो. वळणावर वेग फुकट घालविला तर तो परत मिळविण्यास श्रम पडतात. म्हणून वळण नीट वाचावें लागतें. तिचा चालक ताशीं साठ किलोमीटर वेगानें जातांनाहि जागा असतो. मोठ्या गाडीला तोच वेग म्हणजे डुलकी. अंगीं असलेल्या सामर्थ्याचा चौथा हिस्साहि जिला कधीं वापरावा लागत नाहीं, तिच्या मालकानें जें विकत घेतलें त्यांतलें बरेंचसें व्यापार नसून केवळ ताबा आहे. आणि ताब्याचें सुख दुसऱ्यानें पाहिल्यावांचून पुरें होत नाहीं. लहान गाडीचा आनंद एकांतांतहि पुरा पडतो, मोठीला बहुधा प्रेक्षक लागतो.

ही बाजू मला पटते. परंतु येथेंच थांबणें अन्यायाचें होईल. मोठ्या गाडीच्या वतीनें जें सांगावयाचें तें राखीव सामर्थ्य या एका शब्दांत सांगतां येतें. वर्गांत जेवढें शिकवावयाचें तेवढेंच ज्याला येतें तो चांगला शिक्षक नव्हे. न शिकविलेल्या ज्ञानाचें वजन त्याच्या शिकविलेल्या प्रत्येक वाक्याच्या मागें असावें लागतें. तालमींत मुरलेला मल्ल बाजारांत कोणाशीं भांडत नाहीं. पण त्याचें न भांडणें आणि दुबळ्याचें न भांडणें एक नव्हे. क्षमेला भूषण म्हणावयाचें तर क्षमा करणाऱ्याच्या अंगीं शिक्षा करण्याचें बळ असलें पाहिजे. रस्त्यावरहि तसेंच आहे. लांबलचक ट्रॉलीला ओलांडतांना जी गाडी समोरच्या बाजूवर चार सेकंदच राहते, ती दहा सेकंद रेंगाळणारीपेक्षां त्या प्रसंगापुरती निर्धोक असते. तेव्हां लहान गाडीच्या कैवाऱ्यांनीं आपल्या असमर्थतेलाच संयमाचें नांव देऊं नये. ज्याला वेगानें जातांच येत नाहीं त्याच्या मंद जाण्यांत पुण्य कोणतें?

दोन्ही बाजू इतक्या तोडीच्या झाल्यावर अनुभवाकडे वळावें लागतें. आपल्या दोन गाड्या कधीं एका कसोटीला एकत्र लागल्या नाहींत. परंतु इंग्लंडांतील एका घराण्याच्या दोन जुन्या, आतां अभिजात गणल्या जाणाऱ्या गाड्या तशा लागल्या होत्या. कॉर्नवॉलमधील डोनाल्ड हीली हा स्वतः नाणावलेला चालक. १९३१ सालची मॉन्टे कार्लोची रॅली त्यानें जिंकली होती. त्याच्या व ऑस्टिन कारखान्याच्या नांवानें ज्या गाड्या निघाल्या, त्यांत १९५८ सालची 'स्प्राइट' ही ९४८ घनसेंटिमीटरची, ४३ अश्वशक्तीची; म्हणजे जवळजवळ आपल्या पद्मिनीएवढ्याच बळाची. तिला बाहेरून दाराच्या मुठी नव्हत्या, मागें सामानाचें झांकण नव्हतें, आणि बॉनेटवर वर आलेल्या दिव्यांमुळें लोकांनीं तिचें नांव बेडकाच्या डोळ्यांवरून पाडलें. तिची थोरली बहीण १९५९ सालची '३०००'. सहा सिलिंडरांची, २९१२ घनसेंटिमीटरची, १२४ अश्वशक्तीची. दोघींची जोडणी ॲबिंग्डन येथील एकाच कारखान्यांत होत असे.

१९६० सालीं बेल्जममधील लिएज येथून निघून, युगोस्लाव्हियाच्या डोंगरी रस्त्यांनीं परत लिएजला येणाऱ्या प्रसिद्ध रॅलींत या दोघी, शर्यतीसाठीं सुधारलेल्या रूपांत, उतरल्या. जवळजवळ चार अहोरात्र, विसांवा असा नाहींच. निम्म्याहून अधिक गाड्या वाटेंत गळावयाच्या, हें त्या शर्यतीचें वैशिष्ट्य. पॅट मॉस आणि ॲन विझडम या दोन स्त्रियांनीं मोठी हीली चालवून पहिला क्रमांक मिळविला. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय रॅलींत स्त्रियांनीं सर्वांवर मात करण्याची ती पहिलीच वेळ. आणि तिसऱ्या क्रमांकावर होती इवलीशी स्प्राइट. बळाचा भक्त म्हणेल, शेवटीं थोरलीच जिंकली. साधेपणाचा भक्त म्हणेल, शक्तींत एवढें अंतर असतां निकालांत अंतर दोन पायऱ्यांचेंच राहिलें. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे; परंतु त्यांतून शिकावयाचें तें निराळेंच. डोंगरांतील अरुंद, खडबडीत, वळणांचा रस्ता मोठीला तिची सगळी शक्ति बाहेर काढूं देत नव्हता आणि लहानीला तिची सगळी शक्ति वापरावयास लावीत होता. दोघींना जवळ आणलें तें त्या रस्त्यानें. शक्ति किती, याचें उत्तर एंजिनानें दिलें. शक्ति किती कामाची, याचें उत्तर वाटेनें दिलें.

ही गोष्ट बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला कोणत्याहि प्राध्यापकाहून चांगली कळते. भाटघर आणि वीर येथील धरणांत सांठलेलें पाणी नीरा डाव्या कालव्यानें या भागाला मिळतें. धरण मोठें आहे याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. मोठा सांठा हें उन्हाळ्यांतलें आश्वासन असतें. परंतु तो सांठा एकदम कालव्यांत सोडा असेंहि कोणी म्हणत नाहीं. कालव्याला पात्र आहे, चारीला त्याहून लहान पात्र आहे, आणि शेतांत दारें धरणाऱ्याच्या खोऱ्याला आवरेल एवढेंच पाणी वाफ्यांत घ्यावयाचें असतें. पात्राहून अधिक आलेलें पाणी हें अधिक पाणी नसतें, तो पूर असतो. आणि पूर ज्याच्या शेतांत शिरतो तो बहुधा पाणी सोडणारा नसतो. आपल्या भाषेनें नदीच्या भांड्याला आणि मनुष्याच्या योग्यतेला एकाच धातूचा शब्द द्यावा, एकाला पात्र आणि दुसरीला पात्रता म्हणावें, ही मोठी सूचक गोष्ट आहे. शक्तीचा विचार सांठ्यावरून न करतां पात्रावरून करावा, एवढेंच मला या निबंधांत सांगावयाचें आहे.

पात्राचा विसर पडला म्हणजे काय होतें हें ११ जून १९५५ या दिवशीं फ्रान्समधील ल मान्स येथें दिसलें. तेथील चोवीस तासांच्या शर्यतींत सुमारें तीनशें अश्वशक्तीची मर्सिडीज आणि तिच्या निम्म्याहूनहि कमी बळाची हीली एकाच अरुंद पट्ट्यावरून धांवत होत्या. पुढची एक जग्वार थांब्यासाठीं मंदावली, तिला चुकविण्यासाठीं हीली बाजूला वळली, आणि मागून अतिवेगानें आलेली मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या बाजूला फेंकली गेली. मर्सिडीजच्या चालकासह ऐंशीहून अधिक माणसें मेलीं. पुढें जी अधिकृत चौकशी झाली तिनें एकाहि चालकाला दोषी ठरविलें नाहीं; दोष धरला तो मार्गाचा. तो मार्ग १९२० च्या दशकांतल्या गाड्यांसाठीं आंखलेला होता आणि गाड्या मात्र तीस वर्षें पुढें गेल्या होत्या. कालवा जुनाच ठेवून धरण वाढवीत नेल्यासारखें तें झालें. आणि मृतांत जवळजवळ सगळे असे होते, कीं ज्यांनीं कोणतीहि गाडी निवडली नव्हती.

या शेवटच्या वाक्यांत लहान-मोठ्याच्या तुलनेंतील खरी विषमता आहे. लहान गाडीची उणीव तिच्या मालकाला सोसावी लागते. चढावर तो मागें पडतो, लोक त्याला हंसतात, एवढेंच. मोठ्या गाडीचें आधिक्य मात्र दुसऱ्याला सोसावें लागतें. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबण्यास लागणारें ब्रेकचें अंतर चौपट होतें. आणि हें वाढलेलें अंतर मालकाच्या अंगणांतलें नसतें, तें सार्वजनिक रस्त्यांतून, म्हणजे पायीं चालणाऱ्याच्या वांट्यांतून घेतलेलें असतें. उणिवेचा आणि आधिक्याचा भार असा निरनिराळ्या माणसांवर पडत असल्यामुळें दोहोंना एकाच तराजूंत तोलतां येत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांत १९ मे २०२४ च्या पहाटे हें पुन्हां दिसलें. पुण्यांतील कल्याणीनगरांत विजेवर चालणाऱ्या, अतिशय शक्तिमान अशा एका पोर्श मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें ती चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्या प्रकरणांतील गुन्ह्याचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम; तें येथें करावयाचें नाहीं. परंतु त्याच दिवशीं जामीन देतांना बाल न्याय मंडळानें घातलेल्या अटींत अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती, आणि तिच्यावर देशभर संताप व उपहास उसळला. पुढें तो आदेश बदलण्यांतहि आला. दोन प्राणांच्या मोबदल्यांत तीनशें शब्द, ही विषमता कोणालाहि बोंचावी अशीच होती. मात्र निबंध शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला आणखी एक गोष्ट बोंचते. तो निबंध लिहिण्याजोगा नव्हता असें नाहीं; तो किल्ली हातांत पडण्यापूर्वीं, आणि मुलांच्या आधीं वडीलधाऱ्या समाजानें लिहावयास हवा होता.

ज्याचें त्याला द्यावें हा न्याय, असें प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या आरंभीं कोणी म्हणतो, तेव्हां सॉक्रेटिस विचारतो: शहाणा असतांना मित्रानें तुमच्याजवळ शस्त्र ठेविलें आणि वेड लागल्यावर तो तें मागूं लागला, तर द्याल काय? शस्त्र त्याचेंच आहे, तरी देणें न्यायाचें नाहीं. मालकी आणि पात्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या एका प्रश्नानें कायमचें ठरवून टाकलें आहे. महाभारतकार याहून खोल जातात. अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र द्रोणाचार्यांनीं संतोषानें दिलें. अश्वत्थाम्याला मात्र पुत्राच्या हट्टापुढें नमून, मनाविरुद्ध, आणि माणसांवर तें कधीं सोडूं नकोस अशी ताकीद देऊन. पुढें दोघांनींहि तें सोडलें. व्यास आणि नारद मध्यें उभे राहिले तेव्हां अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें; अश्वत्थाम्याला तें परत घेतांच येईना. अस्त्र एकच, बळ एकच. पात्रतेची परीक्षा सोडण्यांत झाली नाहीं, आवरण्यांत झाली. आणि न आवरलेलें तें अस्त्र शेवटीं पडलें कोणावर? ज्याचा त्या युद्धाशीं कांहींच संबंध नव्हता अशा, उत्तरेच्या उदरांतील गर्भावर. वडिलांनीं प्रेमापोटीं अपात्राच्या हातीं दिलेली शक्ति निरपराध्यावर जाऊन पडते, ही कथा इतकी जुनी आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. आपल्या पैशानें घेतलेल्या गाडीचें बळ किती असावें हें ठरविण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला? स्वातंत्र्याचा मिलसारखा कैवारीहि दुसऱ्याला अपाय होतो तेथें स्वातंत्र्याची मर्यादा मानतो, हें एक उत्तर झालें. पण अपाय होईपर्यंत थांबणें हें रस्त्यावर फार उशिराचें थांबणें आहे. मोठ्या शक्तीवर बंदी घाला असें माझें म्हणणें नाहीं; तसें म्हटलें तर राखीव सामर्थ्याविषयीं वर जें लिहिलें तें मलाच खोडावें लागेल. माझें म्हणणें पात्रतेच्या पायऱ्यांविषयीं आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें परवान्यासाठीं वयाची अट घातली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. हें योग्यच झालें. परंतु हलक्या वाहनाचा परवाना एकदां मिळाला कीं चाळीस अश्वशक्तीची गाडी आणि चारशें अश्वशक्तीची गाडी त्या परवान्याला सारखीच. कारण तो वाहनाचें वजन पाहतो, बळ पाहत नाहीं. युरोपांत मोटारसायकलींचे परवाने शक्तीच्या पायऱ्यांप्रमाणें मिळतात. नवशिक्याला खालची पायरी चढून वर जावें लागतें. तालमींतल्या वस्तादानें नव्या पोराच्या हातीं पहिल्याच दिवशीं सर्वांत जड जोडी न देण्यासारखेंच हें आहे. त्यांत स्वातंत्र्याचा संकोच नाहीं. शिकण्याला लागणारा वेळ तेवढा मानलेला आहे.

मग दोहोंपैकीं चांगली गाडी कोणती? रॅलीच्या डोंगरांत, पॅट मॉसच्या हातीं, मोठी चांगली होती. तिचें बळ आणि तें आवरण्याची चालकाची विद्या हीं एकमेकांना साजेशीं होतीं. जिथें बाजूनें शाळेचीं मुलें चालतात, अंधारांत दिव्यावांचून उसाची ट्रॉली उभी असते आणि रस्त्याला कडाच नसते, अशा आपल्याकडील वाटांवर, सामान्य हातांत, लहान चांगली. कारण तेथें ती सगळी वापरतां येते आणि सगळी आवरतां येते. हें उत्तर कोणाला गुळमुळीत वाटेल. परंतु त्यांत एक कठोर भाग आहे, तो नजरेआड होऊं नये. लहान शक्ति घेणाऱ्यानें 'मला पुरते काय?' एवढेंच विचारलें तरी चालतें. मोठी शक्ति घेणाऱ्याला तेवढ्यावर सुटतां येत नाहीं. ती मला पेलते काय, ही वाट तिला पेलते काय, आणि माझा अंदाज चुकला तर किंमत कोण देईल, हे तीन प्रश्न त्याच्या गळ्यांत पडतात. धन, विद्या, अधिकार, लोकप्रियता या सगळ्या शक्तींना हाच नियम लागू आहे. यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचें उत्तर ज्याच्याजवळ असतें तो मनुष्य गाडी विकत घेतेवेळीं दुकानांत हजर नसतो; तो कोठेंतरी रस्त्याच्या कडेनें आपल्या वाटेनें चाललेला असतो.